इराच्या अर्जातली आबांची खोली

३ जाने.
इराचं पर्सनल स्टेटमेंट अजून कोरंच. आर्किटेक्चरला अर्ज, बंगलोरचं कॉलेज, वीस तारखेपर्यंत मुदत. ‘तुम्ही कोण आहात आणि हेच का शिकायचंय?’
“आई, मी कोण आहे? पटकन सांग, चहा होईपर्यंत.”
हसले. मग लक्षात आलं, मलाही सांगता येत नाहीये.
क्लासचे सर म्हणतात, संघर्ष दाखवा. प्रभादेवीत स्वतःचं घर, दोन पगार. संघर्ष आणायचा कुठून? मीच सुचवलं, आबांचं लिही. सासरे गिरणीत असताना डिलाईल रोडला गावकीच्या खोलीत राहायचे. एकाच खोलीत गावचे सगळे पुरुष.

६ जाने.
मसुदा आला. इंग्रजी छान. ‘आजोबा अंधाऱ्या खोलीत घुसमटत जगले. तेव्हाच मी ठरवलं, माणसांसाठी घरं बांधायची.’ तेव्हाच? तेव्हा तिचा बाप तरी जन्मला होता का?
पण तेच वाक्य मी पुन्हा दोनदा वाचलं. खोटंही भिडतं म्हणजे.

७ जाने.
इराने आबांना मराठीत वाचून दाखवलं. आधी हसले. मग, “ह्यां तुका कोणी सांगल्यान गो? घुसमटलो कोण?”
“आईने सांगितलं.”
“तिने खोली बघल्यान कधी?”
नाही बघितली. लग्नाला वीस वर्षं झाली. खोलीत बायका जात नाहीत, एवढंच ठाऊक. गावी पाठवायचं सामान घेऊन गेले तरी जिन्यापाशीच थांबते. आत काय आहे, असं कधी विचारलंही नाही. का नाही विचारलं?

११ जाने., रवि.
आबांबरोबर दोघी डिलाईल रोडला. खोली अजून गावकीचीच. हल्ली आबांच्या भावकीतला बबन राहतो, सिक्युरिटीत आहे, शिवाय गावचे आणखी चार-सहा जण. इरा चपला काढून सरळ आत. बबन गडबडला, “काका, पोरगी आत?”
“इंजिनेर होतली ती. मापां घेवक इली हा.”
मी बाहेर, गॅलरीत. आबा इराला सांगत होते, ते ऐकत राहिले. रात्रपाळीवाल्याची ट्रंक कोपऱ्यात, दिवसा झोपायला अंधार हवा म्हणून. नवा आला की दाराजवळ. जुना कायमचा गावी गेला की सगळ्यांनी एकेक जागा आत सरकायचं.
“आणि कोणी आजारी पडलं तर?”
“आजाऱ्याक खिडकी. मगे तो कालचो पोर असलो तरी.”
“हा नियम केला कोणी?”
“कोणी केल्यान... तसोच होतो.”
टेप विसरली होती. वितीने मोजत होती पोरगी.

१५ जाने.
जुना मसुदा उडवला तिने. सर नाराज. “यात संघर्ष कुठाय?” इरा म्हणे, “खिडकी सगळ्यांनाच हवी असणार ना, सर.”
मला धास्ती. प्रवेश हुकला तर? रडका मसुदा चालला असता कदाचित. असं वाटतं, आणि वाटल्याचं वाईटही वाटतं. दोन्ही खरं.

१९ जाने.
नवा मसुदा तिने तपासायला दिला. आता सगळं त्या खोलीच्या रचनेवर, आणि प्रश्नच जास्त. शेवटचा परिच्छेद: ‘माझी आई सारा वेळ उंबऱ्याबाहेर उभी होती. दार उघडं होतं, कोणी अडवलं नव्हतं. तिला कशाने थांबवलं, हे मला अजून कळलेलं नाही. मला ते शिकायचंय.’
“काढू का हे? तुला नको असेल तर काढते.”
उद्या सांगते म्हटलं. चुका एकदोनच होत्या, स्पेलिंगच्या.

२० जाने.
राहू दे म्हटलं. पाठवलं तिने. आता तिथली अनोळखी माणसं तो प्रश्न वाचणार. बबन त्या दिवशी म्हणालाही होता, “वयनी, भायर कित्याक? येवा, चाय घेवा.” मी म्हटलं, इथेच बरी आहे.
बरी होते?
आबांचा जुना चष्मा त्या खोलीतच राहिलाय. “बबन आणून देयत,” म्हणतात. म्हटलं, नको, रविवारी मीच जाते. ठेवलाय खिडकीत. म्हणजे पार आत.