नक्षत्रयान, आवाज बंद करून

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या वाचनालयात तेवीस तारखेला माझं व्याख्यान ठरलं. विषय मीच दिला: 'नक्षत्रयान, मराठीतली पहिली विज्ञान मालिका'. सोबत शेवटचा एपिसोड पडद्यावर. अध्यक्ष आण्णाप्पांनी विचारलं, मालिका मराठीच होती हे नक्की ना? मी फक्त हसलो. तज्ज्ञाने अशा वेळी हसायचं असतं.
संकल्प: सगळे एपिसोड पुन्हा पाहणे, रोज एक. नोट्स काढणे. फरसाण बंद.

४ नोव्हेंबर
एपिसोड अजून मिळाले नाहीत. नोट्स आठवणीतून काढतोय, तेवढी पुरे आहे.
मी आठ वर्षांचा. सुट्टीत निपाणीला मामाकडे. शेजारच्या महावीरच्या घरी गल्लीतला एकुलता एक टीव्ही. वडील तंबाखूचे व्यापारी, त्यामुळे परवडायचा. नक्षत्रयान नावाचं यान अवकाशात वाट चुकतं, शनीवर राक्षसाशी लढाई करतं आणि पृथ्वी शोधत फिरतं. यानावर परग्रहाची लिपी, गोल गोल वळणांची, एक अक्षर वाचता यायचं नाही. सुरुवातीची नावंसुद्धा त्याच लिपीत. किती बारीक विचार केला होता त्या लोकांनी!
आणि शेवटी कप्तानाचं ते वाक्य: 'वाट चुकली तर चालेल, सोबत चुकू नये.' शहापुरात माझं साड्यांचं दुकान आहे, तिथल्या पिशवीवर हेच छापलंय. लग्नांत, निरोपसमारंभांत, एकदा शोकसभेतही मी हे बोललोय. माणसं डोळे पुसतात.
महावीर मात्र मालिका चालू असताना डाव्या बाजूला बसून कानाशी सारखी बडबड करायचा. त्याच्यामुळे माझा निम्मा आनंद गेला.

७ नोव्हेंबर
नेटवर नक्षत्रयान नाही. मराठीत टाइप करून सगळीकडे शोधलं. सुवर्णा म्हणाली, निपाणीला फोन करा की, महावीरभावजींना ठाऊक असणार. मी बायकोला स्पष्ट सांगितलं, या घरात ते नाव काढायचं नाही.
कारण लिहून ठेवतो. काही वर्षांपूर्वी महावीरने नवं घर बांधलं. वास्तुशांतीची पंगत बसली होती. मी नक्षत्रयानचा विषय काढला तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, विन्या, ती कन्नड सीरियल होती रं. पंगत हसली. मी भरल्या पानावरून उठलो. तेव्हापासून बोलणं बंद. कोल्हापूरला जाताना बस निपाणी स्टँडवर थांबते, तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरतो. मला त्याचं काही वाटत नाही. पेपर मी एरवीही वाचतोच.

१० नोव्हेंबर
मंजुश्रीने मालिका शोधून दिली. मुलगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. कन्नडमध्ये टाइप केल्यावर लगेच मिळाली म्हणे.
पहिला एपिसोड लावला. कन्नड. डब केलेला आहे हे उघड आहे. मूळ मराठी कुणीतरी दडवली असणार. मंजुश्री म्हणाली, पप्पा, ओठ तर जुळतायत. मी म्हटलं, डबिंग चांगलं केलंय, चांगल्याला चांगलं म्हणावं. सुरुवातीची नावंही कन्नडमध्ये आहेत असं ती म्हणाली. मी चष्मा पुसायला घेतला.
मला कन्नड येत नाही असं नाही. दुकानापुरतं येतं. बर्री म्हणजे या, कुंदर्री म्हणजे बसा, आणि डिस्काउंट इल्ल, म्हणजे नाही. यापलीकडे माझं कधी अडलं नाही.

१३ नोव्हेंबर
उपाय सापडला. आवाज बंद करून पाहायचं, संवाद आपण म्हणायचे. सुवर्णाने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, शनीशी. ती म्हणाली, साडेसाती आहेच, वेगळं बोलायला कशाला पाहिजे.
निरीक्षणे: यानाचं दार लोखंडी कपाटाचं आहे. राक्षस गोणपाटात शिवलेला. परग्रह म्हणजे दगडाची खाण, आणि कप्तान गंभीर बोलत असताना मागून एक म्हैस जाते. लहानपणी दिसली नव्हती. परग्रहावर जीवसृष्टी आहे याची ती सूचना असावी.
फरसाण बंदच आहे. आज चिवडा.

१७ नोव्हेंबर
मोजकेच एपिसोड झाले. कंटाळा म्हणता येणार नाही, चिंतन चालू आहे. अडचण एकच. कप्तान पन्नाशीचा, दाढीवाला, धिप्पाड. पण माझ्या आठवणीतला त्याचा आवाज बारका, नाकातला, आणि शेंगा खात बोलल्यासारखा. त्या काळचे स्पीकर खराब होते.
दुसरं म्हणजे, मालिका लावली की डाव्या कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना दाखवलं. कान स्वच्छ आहे म्हणाले. हल्ली डॉक्टरांनाही फारसं कळत नाही.

२० नोव्हेंबर
सुवर्णाने परस्पर निपाणीला फोन केला. महावीर येतोय. म्हणाला म्हणे, येतो की वैनी, पर विन्यानं सोताहून बोलावलं न्हाय ते न्हायच. मी फार चिडलो. मग विचार केला, माझा विजय बघायला एक साक्षीदार हवाच. येऊ दे.
निळा शर्ट इस्त्रीला दिला. त्याचा महावीरशी संबंध नाही.

२३ नोव्हेंबर, सकाळ
तयारी जय्यत. एपिसोड आवाज बंद करून दाखवायचा, संवाद माईकवर मी म्हणायचे. कुणाला शंकाही येणार नाही. शेवटच्या वाक्याला टाळ्या नक्की.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
हॉल भरला. प्रास्ताविक उत्तम झालं. मराठी माणसाच्या कल्पनाशक्तीवर बोललो. एपिसोड सुरू झाला आणि आण्णाप्पांनी उठून आवाज चालू केला. म्हणाले, लई दिसांनी ऐकायला मिळतंय, असू दे.
मग हॉल हसायच्या जागी हसला, गप्प बसायच्या जागी गप्प बसला. सगळ्यांना कन्नड येतं. सगळे मजेत मालिका बघत होते. काही कळत नव्हतं ते फक्त प्रमुख वक्त्याला.
तेवढ्यात महावीर स्टेजवर चढला. केस पांढरे झालेत. डावीकडच्या खुर्चीत बसला, खिशातून शेंगा काढल्या, माझ्याकडे न बघता माझ्या कानाशी सुरू झाला. ह्यो म्हणतोय, तेल संपलं. त्यो म्हणतोय, मग मला कशाला इचारतोस. बारका आवाज, नाकातला. माझा कान दोन वाक्यांत बरा झाला.
शेवट आला. मी माईक घेऊन सांगितलं, आता ऐका, हे वाक्य मी आयुष्यभर जपलंय. बोट वर केलं. कप्तान सोबत्याकडे वळला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ऊट आय्ता?
एवढं कन्नड मलाही येतं. जेवण झालं का? हॉल खो खो हसला. यान उडालं, मालिका संपली.
मी डावीकडे पाहिलं. महावीर शेंगांची टरफलं गोळा करत होता. हळूच म्हणाला, दुसऱ्या दिवशी तू बेळगावला जाणार व्हतास, तवा मुसमुसत बसलातास. त्यो बाबा जेवलास काय इचारतोय, ते तुला काय सांगायचं? म्हणून मीच जोडलं कायतरी.
तोही तेव्हा आठ वर्षांचंच पोर. ज्या वाक्यावर मी इतकी वर्षं भाव खाल्ला, ते त्याने मला गप्प करायला रचलेलं होतं. आणि मी त्याच माणसाशी बोलणं सोडलं होतं. मला रडू आलं, स्टेजवर, माईक चालू असताना. आण्णाप्पांनी आभार मानताना सांगितलं की मालिकेने वक्त्यांना हलवून सोडलं.

२४ नोव्हेंबर, निपाणी
महावीर रात्री आमच्याकडे राहिला, सकाळी मीच म्हटलं, चल, तुला सोडायला येतो. बसमध्ये पेपर घेतला नाही.
रूपालीवहिनींनी पान वाढलं. म्हणाल्या, भावजी, वास्तुशांतीचं राहिलेलं आहे, आता उठायचं न्हाय. पुरणपोळी, कटाची आमटी. डाएट उद्यापासून.
जेवताना आणखी कळलं. राक्षसाचं नाव महावीरने ठेवलं होतं. शनीवरची लढाईही त्याचीच. एवढंच काय, मूळ मालिकेत यान वाट चुकलेलंच नाही. दुरुस्तीला थांबलेलं आहे. म्हणजे मी आयुष्यभर ज्या मालिकेचा फॅन होतो ती कुठेच दाखवली गेली नाही, माझ्या डाव्या कानाखेरीज.
पिशव्या नव्या छापणार. वाक्याखाली 'महावीर, निपाणी'. तो लाजला, मग म्हणाला, अक्षर जरा मोठं घे.
हात धुताना त्याने विचारलं, आता तरी सांग, सीरियल कुठल्या भाषेत होती? मी म्हटलं, मी ऐकली ती मराठीच. तो म्हणाला, व्हय रं, ती मराठीच व्हती.