दिव्यासाठी उलटा केलेला पंखा

प्रति,
मा. सहायक निबंधक,
सहकारी संस्था, मुंबई उपनगर.

विषय : दर्यासखा मच्छीमार सहकारी संस्था, खारदांडा येथील संगणकाचा पंखा सर्वांसमक्ष सुलटा करणेबाबत.
संदर्भ : संस्थेचे दि. ३१ ऑक्टोबर २०२५ चे बडतर्फीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार मंजुळा तांडेल ही नऊ वर्षे सदर संस्थेच्या संगणकावर होड्यांच्या परवान्यांचे अर्ज भरीत होती. पुढचा पंखा गार वारा आत घेई, मागचा तापलेला वारा बाहेर टाकी. यंत्र सुखी होते, अर्जदारही.

२. नवरात्रात सचिव श्री. भिकाजी नाखवा यांनी नेमका संगणकामागे घट बसवला. मागच्या पंख्याच्या वाऱ्याने अखंड दिवा दोनदा विझला. सचिवांनी स्वहस्ते चार स्क्रू काढून पंखा उलटा बसवला. दिवा टिकला. दसऱ्याला घट उठले, पंखा मात्र तसाच राहिला.

३. तेव्हापासून दोन्ही पंखे वारा आतच कोंबतात. आतला, प्रोसेसरवरचा तिसरा पंखा मागे फुंकतो, मागचा त्याच्या तोंडावर फुंकतो. तापल्या वाऱ्याला वाटच नाही. यंत्र दर वीस मिनिटांनी बंद पडते आणि अर्धे भरलेले अर्ज बुडतात. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळवणारी पोरसुद्धा हे जाणते, असे अर्जदाराने वेळीच सांगितले होते. अर्जदाराची आई गात असे, तेही सांगितले :

पुढल्या दारी ये रे वाऱ्या, मागल्या दारी जा,
जाता जाता बोंबलाचं पाणी घेऊन जा.

यावर सचिव भर सभेत म्हणाले, "गाणी नको सांगू गं. तुझा हातच तापट, मशीन काय करणार?" सभा हसली. अर्जदाराची सख्खी नणंद रोशनी सर्वांत मोठ्याने हसली. दुसऱ्या दिवशी बडतर्फीचे पत्र आले.

४. अर्जदारास नोकरी परत हवीच. परंतु त्याआधी सचिवांनी त्याच सभासदांसमोर संगणकामागे तळहात धरावा आणि वारा कुठे चालला आहे ते मोठ्याने सांगावे. स्क्रूही त्यांनीच काढावेत. स्क्रू-ड्रायव्हर अर्जदार देईल. नणंदेस पहिल्या रांगेत बसवावे.

५. काल सचिवांचा निरोप आला, "मंजुळे, ये ना गं, कर नीट. झालं गेलं दर्यात." काम दहा मिनिटांचे आहे. अर्जदार जाणार नाही. सचिवांच्या स्वतःच्या होडीचा परवाना महिनाअखेर संपतो आणि त्यांचा अर्ज आजवर तीनदा बुडाला आहे. सभा होईतो यंत्रास तापू द्यावे, ही विनंती.

आपली नम्र (केवळ आपल्यापुरती),
मंजुळा तांडेल
खारदांडा, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) बडतर्फीच्या पत्राची प्रत.
२) आईच्या लुगड्याचा एक धागा. तपासणीवेळी मागच्या पंख्याजवळ धरावा. बाहेर उडाला तर अर्जदार खोटी. आत ओढला गेला तर सचिव.