दोन आणि चारचा ठोका

मी, श्रीपत रघुनाथ बिऱ्हाडे, वय चौसष्ट, निवृत्त रेल्वे फिटर, राहणार उधना, सुरत. डॉक्टर म्हणतात हृदय थकलं आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे, आपखुशीने हे लिहून ठेवतो. आधीचे कागद रद्द समजावेत.

कलम १. राहती खोली पत्नी काशीबाईच्या नावे. ती असेपर्यंत कोणी विकू नये. माझ्या वाजवण्याने भिंत तडकली असं शेजारी बन्सीलाल सांगत फिरतो, ते साफ खोटं आहे.

कलम २. बँकेतली ठेव आणि हत्यारांची पेटी मुलगी निशा हिला. पाना कसा धरायचा हे तिला भावापेक्षा चांगलं कळतं.

कलम ३. माझा ड्रमसेट मुलगा प्रज्ञेश, राहणार इच्छापोर, याला. त्याला तो नकोच आहे, हे ठाऊक असूनही.

धर्मांतर झालं त्या साली माझ्या बापाने डफडं विहिरीत टाकलं. पिढ्यान् पिढ्या लोकांच्या मयतीपुढे, लोकांच्या दारात वाजवलं. आता बस, म्हणाला. पुढे मी सुरतेला आलो. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये गार्ड डिकोस्टा साहेबांकडे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या तबकड्या होत्या, रिदम अँड ब्लूजच्या. साहेब म्हणाले, "यांच्या वाडवडिलांचे ढोल गुलामगिरीत मालकांनी हिसकावले होते. मग ते टाळ्या वाजवत, पाय आपटत. तोच ठोका बघ परत ड्रमवर आलाय. चार मात्रांतली एक आणि तीन सोड, दोन आणि चारला जोरात मार." मी मारला. अंगावर काटा आला हो! कोणाच्या दारात उभं न राहता वाजवता येतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

बापाला कळलं तेव्हा त्याने बोलणं टाकलं. एकोणीसशे त्रेसष्टच्या नाताळात गावाहून बाप अत्यवस्थ असल्याची तार आली. मी कार्यक्रम संपवून निघालो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई म्हणाली, शेवटच्या दिवशी सारखा म्हणत होता, "त्याले सांगा, माले ऐकानं शे. एकदाव वाजाड."

बापाला शेवटी माझं वाजवणं एकदा ऐकायचं होतं, हे मी कोणालाच सांगितलं नाही. लाज वाटली. चार वर्षांपूर्वी प्रज्ञेश म्हणाला, "आजोबांनी टाकलेलं तुम्ही पुन्हा गळ्यात घातलंत." तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बापाला अक्कल शिकवतोस? चालता हो!" तो गेला. जीभ आवरली नाही, माझंच चुकलं.

कलम ४. माझ्या मयतीपुढे काहीही वाजवू नये. ते आमच्या माणसांनी पुष्कळ केलं.

कलम ५. मृत्युपत्र मेल्यावरच वाचावं असा कायदा नाही, हे वकिलांना विचारून घेतलं आहे. याची एक प्रत निशाने आजच इच्छापोरला नेऊन प्रज्ञेशच्या हातात द्यावी.

प्रज्ञेश, पुढच्या रविवारी सकाळी ये. मला दम लागतो, पण मनगट चालतं. एकदा ऐक. मग खुशाल नको म्हण. तुझी आई दार उघडं ठेवील.

सही : श्रीपत रघुनाथ बिऱ्हाडे

साक्षीदार :
१. योगराज भिला सोनवणे
२. बन्सीलाल मोतीराम वाणी (भिंतीबाबतचा मजकूर मान्य नाही. बाकी माझ्यासमोर सही केली. लिहिताना रडत होते.)

स्थळ : उधना, सुरत
दिनांक : ९ फेब्रुवारी १९९७