घोड्यावरून पडणारा गोरा

बाबा, तुमचा तो सिनेमातला घोडेवाला गोरा परवा मला मोबाइलवर भेटला. मी आपली तुरीची डाळ निवडत बसले होते. नातू म्हणाला, आजी, तुझे बाबा ज्याची गोष्ट सांगायचे त्या हिरोचं नाव सांग, यात सगळं निघतं. नाव मला कुठलं माहीत? तुम्ही त्याला कधी नावानं हाक मारलीच नाही, 'आपला गोरा' म्हणायचे. मग मी त्याची वर चढलेली डावी भुवई सांगितली, जळता पूल सांगितला, बर्फात मरतो ते सांगितलं. पोरगं चिवट, शोधून काढलं त्यानं. तेव्हापासून माझं कशात मन नाही. जन्मभर फळ्यापुढे ओरडून घसा गेला, गुडघे तर कधीचेच गेले, आणि या वयात मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. हात दुखतो, मधेच थांबावं लागतं, तरी लिहिते.

छप्पन साली तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलात तेव्हाचे तुमचे पांढरे कपडे मला आठवतात, प्रवासात पार मातकट झालेले, तरी तुम्ही ते आईला दोन दिवस धुवू दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी खुंटीवरचं डफडं काढलंत आणि त्याचं कातडं सोलून फेकून दिलंत. तुमच्या वडलांनी वाजवलेलं डफडं ते. गावातलं लग्न असो, पोळा असो, मयत असो, पुढे आपलंच घर वाजवत चालायचं. ते कामच आपल्या नावावर लिहून ठेवल्यासारखं होतं, कोणी विचारत नव्हतं की बाबा रे, तुला वाजवायचं आहे का. पुढच्या उन्हाळ्यात पाटलाकडे लग्न निघालं आणि त्यांचा गडी दारात येऊन उभा राहिला. तो सगळा प्रसंग मला अजून तसाच दिसतो. तुम्ही खाटेवर, मी उंबऱ्यात, आई अंगणात.

"डफडं घेऊन चाल, पाटलानं बलावलं."

"डफडं नाही राह्यलं आता."

"काहून? कुठी गेलं?"

आईनं मान न उचलता अंगणात बोट दाखवलं. डफड्याच्या रिकाम्या कड्यावर फाटकं लुगडं ताणून तिनं कोंबडीची पिल्लं झाकली होती. "थे काय," ती म्हणाली, "पाहिजे असन तं पिल्लाइले विचारून घेऊन जा."

गडी शिव्या देत गेला. आपण घरात हसून हसून लोळलो. नंतर वर्षभर गावात आपल्याला कोणी कामाला बोलावलं नाही, निंदायला नाही की कापूस वेचायला नाही, आणि मग हसणं आपोआप कमी झालं. मी शाळेत जात राहिले, कारण तुम्ही जाऊ दिलंत. आई म्हणायची, पोरीला घरी बसवा, पोटाचं पाहा. तुम्ही म्हणायचे, "पोट पाह्यतो मी. थिले पुस्तक पाहू दे."

राळेगावच्या बाजारात तंबू टॉकीज आली आणि तुम्हाला काम मिळालं. बैलगाडीवर सिनेमाची चित्रं बांधून खेड्याखेड्यांतून हाकाटी करायची. मालक म्हणाला, डफडं वाजवत जा, लोक लवकर जमतात. तुम्ही म्हणालात, तोंडानं जमवतो. जमवलेही, बाप्पा! पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून तुम्ही असं काही ओरडायचे की बाया भाकरी तव्यावर टाकून दारात यायच्या. मालकाला हिंदी सिनेमे महाग पडत, म्हणून तो कुठून तरी इंग्रजी सिनेमांची झिजलेली जुनी रिळं उचलून आणी. ती भाषा कोणाला कळणार? मग तुम्ही पडद्याच्या बाजूला उभे राहून भोंग्यातून गोष्ट सांगायला लागलात. इंग्रजीचं एक अक्षर तुम्हाला येत नव्हतं. पण सांगायचे असे की गोऱ्यांचे सगळे लोक आपल्या कळंब-राळेगावचेच वाटायचे. "आता हा म्हणून राह्यला, सासऱ्या, माह्या बैलाले हात लावू नको." पडद्यावर बैल नसायचाच, पण कोणी भांडायला जात नव्हतं.

मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत लोक शिट्ट्या मारायचे. त्या मधल्या वेळात तुम्ही आपल्या गोऱ्याची गोष्ट काढलीत. सिनेमातली नाही, त्याची स्वतःची. त्याचे सिनेमे आपल्याकडे उलटसुलट आले होते. पहिल्या साली आला तो हिरो होऊन, कानावर पांढरे केस घेऊन. दुसऱ्या साली आला तो तरणाबांड, आणि बर्फात मेला. तिसऱ्या साली परत जिवंत, फक्त दोनदा दिसला, हातात कोणाच्या तरी घोड्याचा लगाम. लोक हळहळले. एक म्हातारा तर उभा राहून म्हणाला, "काय दशा झाली हो बिचाऱ्याची! हिरो होता, आता घोडे धरून राह्यला." तुम्ही भोंग्यातून ओरडलात, "अजी, उलटं हाये थे! हे पयलेचं हाये!" कोणाला पटेना. मग तुम्ही रीतसर लावून दिलं. पहिले तो पडणारा होता, मग मरणारा झाला, मग मारणारा, आणि शेवटी लग्न करणारा. तंबू असा हसला की मशीनवाला रीळ चढवायचं विसरला.

पडणारा कसा, तर तुम्ही सांगायचे, त्याच्या गावानं त्याला एकच काम ठेवलं होतं, तबेल्यातलं शेण काढायचं. बाप तेच करायचा, आजा तेच. मग सिनेमावाले आले. त्यांना हिरोच्या बदल्यात घोड्यावरून पडायला माणूस पाहिजे होता. हा पडला. हाडं मोडली, पुन्हा पडला. तोंड कधी दिसलं नाही त्याचं, नुसती टोपी दिसायची. एका सिनेमात खरंच एक जण टेकडीवरून घोड्यासकट गडगडत खाली येतो. तुम्ही छातीवर हात मारून सांगायचे, "हाच तो! टोपी पाहा, तेच टोपी हाये!" आणि मग एक दिवस त्यानं सांगून टाकलं की आता पडणार नाही. तुमचे घोडे सांभाळा, मी चाललो. उपाशी राहिला, पण पडला नाही, आणि म्हणून हिरो झाला. मी यवतमाळहून सुट्टीत यायची तेव्हा बायकांच्या बाजूला बसून ऐकायची. मला कळत होतं तुम्ही कोणाची गोष्ट सांगून राहिलात. आईला तर माझ्याआधी कळलं होतं. ती पदरानं डोळे पुसायची आणि मला म्हणायची, धूळ गेली व.

ती कळंबची माघातली यात्रा. यवतमाळला माझं मास्तरणीचं ट्रेनिंग चालू होतं, तिथून मी एसटीनं आले होते. चिंतामणीच्या दर्शनाला लोक लोटले होते आणि तंबू खचाखच भरला होता. मधे कनात, इकडे बाया, तिकडे माणसं. आईच्या आणि माझ्या शेजारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया बसल्या होत्या, त्यांतल्या एका म्हातारीला सगळ्या याडी म्हणत होत्या. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. पहिलं रीळ संपायच्या आतच मशीनचा पट्टा तुटला. मशीनवाला घामाघूम. लोक थोडा वेळ थांबले, मग माती फेकायला लागले. आणि त्या गोंधळात माणसांच्या बाजूनं पाटलाच्या त्याच गड्याचा आवाज आला. "अबे, हा तं आमच्या गावचा डफडेवाला! वाजवाले लावा न याले! लय झकास वाजवते!"

झालं. सगळा तंबू 'वाजव, वाजव' करायला लागला. कनातीच्या फटीतून मला दिसत होतं. मालक धावत बाहेर गेला आणि यात्रेतल्या कोण्या वाजवणाऱ्याचं डफडं घेऊन आला. शेकोटीवर शेकून आणलं होतं त्यानं, तुम्हाला तेवढाही त्रास नको म्हणून. तुमच्या पायाशी ठेवलं आणि म्हणाला, "हात जोडतो, एकडाव वाजव. नाही तं तंबू फाडतीन हे लोक. मंग तूही घरी आन मीही घरी." तुम्ही खाली पाहत राहिलात. तुमची बोटं हलली, बाबा. मी पाहिली हलताना. इतक्या वर्षांची सवय, ती बोटांना काय माहीत दीक्षा-बिक्षा. मला वाटलं, आता वाकतात. आता वाकले की संपलं, मग खुंटी, अंगण, पिल्लं, सगळं खोटं.

तुम्ही वाकलात, आणि डफड्याशेजारचा भोंगा उचललात.

"आयका लोकहो," तुम्ही म्हणालात. आवाज फाटला होता. "आपला गोरा हिरो झाला. बंगला झाला, गाडी झाली. एक दिवस त्याच्या गावचे लोक आले. म्हणते, तू घोड्यावरून लय झकास पडत होता. आज आमच्यासाठी एकडाव पड. पाहाची लय हौस हाये आमाले. आता तुमीच सांगा. पडाव का त्यानं?"

कोणी तरी फिदीफिदी हसलं आणि गप्प झालं. तुम्ही भोंगा खाली घेतला नाही. आणि कनातीच्या या बाजूनं एका बाईचा आवाज आला, "कायले पडन थो? नाही पडत म्हना!" मागून आणखी एक आवाज आला, "मत पडू रे बाप्पा, बस झालं पडनं!" मग सगळ्या बायका सुरू झाल्या, मग तिकडची माणसंही. 'नाही पडत, नाही पडत' म्हणत लोक मांड्यांवर थापा मारायला लागले. त्यातल्या कितींना कळलं असेल आणि किती नुसतेच यात्रेच्या मस्तीत ओरडले असतील, कोण जाणे. पट्टा जोडून होईपर्यंत तो कल्ला चालला. मालकानं डफडं उचलून गुपचूप बाहेर नेलं.

खेळ सुटल्यावर तुम्ही धावत बायकांच्या दाराशी आलात. तांड्यावरच्या बाया निघाल्या होत्या. आवाज त्यांच्याच बाजूनं आला होता, म्हणून तुम्ही म्हातारीला हात जोडले, ती तोंडभर हसली आणि तुमच्या डोक्यावर हात ठेवून गर्दीत मिसळली. परत येताना गाडीत तुम्ही कितीदा तेच बोललात! "आपल्या मानसानं म्हटलं असतं तं काय मोठं होतं त्यात? थे परकी बाई. ना नात्याची ना गोत्याची. तिनं म्हटलं, नाही पडत." आई रस्त्याकडे पाहत राहिली. मी मांडी चोळत होते.

यात्रा उठली तशी मालकानं तुम्हाला काढलं. तंबू फाटला नव्हता, पण त्याच्या मनाला काही तरी लागलं होतं. पुढे तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या धुरळ्यात राबलात, खोकलात, मी मास्तरीण झालेली पाहिलीत, आणि एकोणसत्तर साली गेलात. हिरो वगैरे काही झाला नाहीत. दर बाजाराला मात्र तांड्यावरची म्हातारी दिसली की थांबवून विचारायचे, "मावशी, कळंबच्या तंबूत तुमीच होत्या का?" खाटेला लागल्यावरही येईल त्याला तीच एक गोष्ट. इतकी सांगितलीत की मला तिचा वैताग यायचा. आता सांगणारं कोणी नाही, तर त्या वैतागाचीच आठवण येते.

तर नातवानं काय काढलं ते सांगते. तुमचा गोरा एका डॉक्टराचा मुलगा होता. कॉलेजात नाटक शिकला. शेण नाही, तबेला नाही, उपासमार नाही. आणि घोड्यावरून तो आयुष्यात एकदाही पडला नाही. त्याच्या बदल्यात पडायला पगारी माणूस असायचा, त्याचेच कपडे घालून. मी नातवाला म्हटलं, मग त्या माणसाचं नाव काढ. पोरानं खूप शोधलं. नाही सापडलं, आजी, म्हणाला, त्यांची नावं लिहीत नसत तेव्हा. मी डाळीचं ताट बाजूला सारलं आणि रडले. टोपी तीच होती, बाबा. डोकं दुसरं होतं. तुम्ही सांगितलं तसा माणूस होता कुठे तरी, तुम्ही फक्त त्याला दुसऱ्याचं तोंड लावून दिलंत.

हे कळवायचं म्हणून लिहायला घेतलं, पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. तुम्ही जिवंत असता तर हे पत्र मी तुमच्या हाती पडू दिलं नसतं, आणि आताही लिहून झालं की चुलीत घालीन. कनातीमागून पहिले ओरडली ती तुमची पोरगी होती. आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर काळंनिळं होतं. गाडीत तुम्हाला सांगणारच होते. पण तुम्ही म्हणालात, आपल्या माणसानं म्हटलं असतं तर काय मोठं, आणि माझं तोंड जे मिटलं ते मिटलं. आईनंही मरेपर्यंत तुम्हाला कळू दिलं नाही.

पण दुसरा आवाज याडीचाच होता, बाबा. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. तो तिचाच होता, आणि ती आपली कोणी नव्हती.