सर्वंकष परीक्षेनंतर

प्रिय ठमे,

फोन उचलत नाही म्हणून तू बाबांकडे माझी तक्रार केलीस, ते पोचलं. तुझी आई रुसली नव्हती गं. बोलायला गेले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता, म्हणून लिहायला बसले. सर्वंकष परीक्षेचा निकाल लागला. मी परत नापास. या परीक्षेला दोनच संधी असतात, त्यामुळे माझी सांख्यिकीची एम.एस्सी. इथेच संपली.

तुला आठवतं, प्रवेश घ्यायला गेले तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं होतं. "रसायनशास्त्र? मग आधी कलन, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता एवढे पूरक विषय काढा. खरा प्रवेश त्याच्यानंतर." मला वाटलं होतं, नोकरीचा अनुभव बघून सूट देतील. कसली सूट आणि कसलं काय! पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून सुटले की डबा रिकामा करत वर्ग गाठायचा. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर मला शिकवणारी बाई समजून सगळी मुलं उभी राहिली, आणि मीही गडबडीत "बसा, बसा" म्हणून गेले. पुढे वर्षभर मला सगळे "बसाबाई"च म्हणत होते. पण खरं सांगू, इतकी मजा मला कॉलेजात असतानाही आली नव्हती. जन्मभर मी नमुने तपासून आकडे काढले आणि त्यांचा अर्थ दुसऱ्यांनी लावला. तो अर्थ एकदा तरी मला लावायचा होता.

पूरक विषय निघाले, वर्गातले विषयही निघाले. पुढे पदवीसाठी दोन वाटा होत्या, प्रबंध नाहीतर सगळ्या विषयांवरची ही सर्वंकष परीक्षा. मी प्रबंध घेतला, कारण विषय माझ्या रोजच्या कामातला होता. टाकीतून निघालेलं चांगलं पाणी शेवटच्या नळापर्यंत जाताना कुठे आणि का बिघडतं, हा. माझे मार्गदर्शक, आमचे दाढीवाले सर, खूश होते. आणि अर्ध्यावर आल्यावर त्यांनी दुसऱ्या विद्यापीठात नोकरी धरली. मार्गदर्शक व्हाल का, असं मी एकेका प्राध्यापकाच्या दारावर जाऊन विचारलं. सगळे गोड बोलले. एकांनी तर चहाही पाजला आणि म्हणाले, "विषय उत्तम आहे, पण माझा नाही." मग परीक्षेची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उपयोजित पेपर दोन्ही वेळा सहज गेला. घोडं अडलं ते सिद्धांताच्या पेपरात. सिद्धतेची पहिली ओळ लिहिली की पुढचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं. आजूबाजूला पोरांची पेनं सरसर चालायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

आता वाटतं, सुरुवातीलाच सरांना विचारायला हवं होतं, तुम्ही इथे राहणार आहात ना? एक सत्र रजा घेऊन नुसता सिद्धांत घोटायला हवा होता. नियमात तशी सोय होती, पण माझं वय बघून मलाच घाई झाली. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं की झालेल्या विषयांवर पदव्युत्तर पदविका मिळेल. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय मिळालं असतं? 

हे एवढंच असतं तर मी चार दिवसांनी सावरून तुझ्याशी बोलले असते. पण काल भांडी विसळता विसळता बाबांच्या तोंडून निघून गेलं. मागच्या वर्षी तुझी याच विभागात निवड झाली होती म्हणे. तुझं गणित पक्कं, पूरक विषयांची कटकट नाही, थेट प्रवेश. आणि तू जागा सोडलीस. बाबांना म्हणालीस, "आई धडपडतेय आणि मी तिच्या पुढे निघून जाऊ? आधी तिचं होऊ दे." त्यांना गप्प बसायची शपथ घातलीस आणि शाळेत बीजगणित शिकवत राहिलीस. ठमे, कुणी सांगितलं होतं तुला हा शहाणपणा करायला? तू पुढे गेली असतीस तर मी मागच्या बाकावरून सगळ्यांना कोपरानं ढोसून सांगितलं असतं, ती बघा, माझी मुलगी. माझं राहिलं त्याचं दुःख मी पचवीन. तुझं माझ्यापायी राहिलं, हे मला गिळता येत नाही. अर्ज या महिनाअखेरपर्यंत घेतात. मी कार्यालयात जाऊन विचारून आले. जुनी निवड चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागेल, दोन प्राध्यापकांची शिफारस लागेल. एवढ्यासाठीच हे पत्र. माझ्यासाठी थांबू नकोस गं. भर अर्ज.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आई