विंटरशॉ घराण्यातला थोरला

५ एप्रिल १५५७

टेकडीवरचे ओक तोडायला लागले! न्याहारीपासून कुऱ्हाडींचा आवाज. माणसं सर रॉजर हॅक्स्टनची, गाड्या त्याच्या, लाकूडही आता त्याचंच म्हणायचं. माझे यजमान राल्फ गेले तेव्हा मुलगा वयाने अज्ञान, म्हणून त्याचं पालकत्व राणीच्या कचेरीकडे गेलं आणि कचेरीने ते हॅक्स्टनला विकलं. जमीन, जंगल, आणि माझा पिअर्स. आई जिवंत आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मुकादमाला जाऊन बोलले. टोपी काढून म्हणतो, "बाईसाहेब, धाकटे मालक एकवीसचे झाले की आम्ही आपोआप जाऊ." जातील! तोवर आमच्या या कोल्डवेलमध्ये चुलीत घालायला काटकी तरी उरेल का?

पिअर्स एकोणीसचा आहे.

८ एप्रिल

हॅक्स्टन स्वतः आला. खुर्ची कुणी दिली नाही तरी बसला. सप्टेंबरात, सेंट मायकेलच्या सणाला, पिअर्सचं लग्न. कुणाशी? ह्याच्याच बहिणीशी! दोन नवरे पुरून बसलीय ती. माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान. पालकाला लग्न ठरवायचा हक्क असतो, हे मला माहीत आहे. पिअर्स नाही म्हणू शकतो, हेही माहीत आहे. मग जो दंड बसेल त्यात कोल्डवेल जाईल.

"घराणं चांगलं आहे आमचं," जाताना म्हणाला.

पिअर्स जेवला नाही.

११ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

अँथनी भाऊजी जेवायला होते. खारवलेला मासा आणि वाटाणे; उपासाचे दिवस संपेपर्यंत दुसरं काय असणार? माझ्या या दिराला वंशावळीचं वेड. विंटरशॉ कुठून आले, कोण कुणाच्या पोटी, कोण निपुत्रिक गेला, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या गुरांची नावं विसरतील, पण चुलतपणज्याच्या दुसऱ्या बायकोचं माहेर विसरणार नाहीत.

दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, वाट आहे. फक्त तुम्ही गप्प बसायचं."

माझ्या लगेच लक्षात आलं.

पिअर्स दोन होते. थोरल्याचं नाव आजोबांचं ठेवायचं ही या घरची रीत. पहिला झाला तो इथेच, कोल्डवेलमध्ये. गावजेवण झालं. मग नदीपलीकडे जोनकडे, दूध पाजणाऱ्या दाईकडे, दिला, सगळे देतात तसा. आठ महिन्यांचा होता, ताप आला आणि गेला. तिकडेच पुरला. मला कळलं तेव्हा माती दिलेली होती! इथे राहवेना, म्हणून राल्फनी मला माहेरी पाठवलं, पार यॉर्कला. दुसरा तिथे झाला. नाव तेच ठेवलं, कारण थोरला तोच झाला होता. तोही जोनकडेच वाढला आणि धावायला लागल्यावर घरी आला. गावाने एक पिअर्स जाताना पाहिला, एक येताना पाहिला. दोघांचा एकच झाला. मी कुणाला सांगत बसले नाही.

त्या काळी चर्चमध्ये जन्माची नोंद नसे. वय ठरवायचं म्हणजे बारा शेजाऱ्यांना शपथेवर विचारायचं.

"पहिला असता तर आज एकवीसचा असता," भाऊजी म्हणाले. "शेजाऱ्यांना खोटं बोलायचंच नाही. त्यांना आठवतं ते खरंच आहे."

"आणि तुमच्या वंशावळीत?"

"तिथे एकच पिअर्स राहील, वहिनी." माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

१२ एप्रिल

दिवसभर कुऱ्हाडी.

१४ एप्रिल

भाऊजींनी पिअर्सला सांगितलं. माझ्याआधी! त्याला भाऊ होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. तरातरा माझ्याकडे आला.

"आई, त्यात अडचण काय आहे? त्याचं काय जाणार? तो गेलेलाच आहे."

मुस्काटात मारावीशी वाटली. नाही मारली. चेहरा उतरलाय पोराचा. रात्री झोपेत दात खातो म्हणे. त्या बाईबरोबर आयुष्य काढायचं आणि स्वतःच्या जंगलाची खुंटं मोजायची! जिवंत आहे त्याचं बघावं की मेलेल्याचं? उत्तर माझं मलाच माहीत आहे, आणि त्याचाच राग आहे.

होकार दिला.

२० मे

आज सुनावणी झाली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

चर्चशेजारच्या मोठ्या खोलीत बसलो होतो. राणीचा अधिकारी सर्दीने बेजार. हॅक्स्टन आणि त्याचा वकील समोर. बारा जण एकेक करून उठले. जन्म आठवतो कसा, ते आपापल्या घरच्या गोष्टीवरून सांगायचं, अशी पद्धत आहे.

पहिला पाणचक्कीवाला. "बारशाच्या जेवणाहून परत जाताना घोड्यावरून पडलो साहेब. हा पाय बघा. एकवीस वर्षं पाऊस यायच्या आधी सांगतो हा." मग म्हातारा हॉब प्रॅट. "त्याच दिवशी बायको मला सोडून तिच्या आईकडे गेली. ती तारीख मी विसरेन होय?" कुणीतरी मागून ओरडलं, "ती गेली म्हणून तूच गावजेवण घातलं होतंस ना रे!" अधिकारीसुद्धा हसला, मग शिंकला.

चांभार म्हणाला, त्या आठवड्यात त्याची आई वारली, आणि तिरडी घेऊन जाताना आमच्या दारातून बाळाचं रडणं ऐकू आलं. "आईला ऐकायला हवं होतं असं वाटलं मला," म्हणाला. एकाने सांगितलं, बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घातलं तेव्हा पोरगं रडलं नाही, शिंकलं. हो! शिंकला होता! मीच विसरले होते.

एकवीस वर्षांत त्याच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता माझ्यापुढे. राल्फनीसुद्धा नाही. आणि आज बारा माणसं ओळीने त्याच्याबद्दल बोलली. त्याला इतक्या जणांनी पाहिलं होतं, लक्षात ठेवलं होतं! मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, मुलाच्या काळजीने रडतेय. एकेकाने सांगून झालं की तो पिअर्सकडे बघून हसायचा, आणि पहिल्याचं तेवढं याच्या नावावर जायचं.

वकिलाने जोनला उभं केलं. किती मुलं सांभाळलीस विंटरशॉंची? एक, म्हणाली. बायबलवर हात होता तिचा.

मग मला. "बाई, आपल्याला याआधी दुसरं मूल झालं होतं?"

"नाही."

एवढंच बोलले.

२१ मे

पिअर्स सज्ञान ठरला. हॅक्स्टनच्या गाड्या रिकाम्या परत गेल्या. जेवणात ईल मासा भरून भाजलेली पाई, घरची बिअर; बाराही जण आले होते. हॉब प्रॅट टेबलावर चढून नाचला. पिअर्सने मला सगळ्यांसमोर मिठी मारली.

मी लवकर खोलीत आले.

३० मे

भाऊजींनी वंशावळ दाखवली. झाड सुंदर काढलंय. राल्फ आणि सिसिली, म्हणजे मी, खाली एक रेघ, एक नाव. "बघा, किती सरळ उतरलंय!" म्हणाले. छान आहे म्हटलं.

२३ जून

राणीच्या नवऱ्याची फ्रान्सशी लढाई, आता ती आपली झाली. ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा सज्ञान माणसांनी आपापली माणसं घेऊन हजर व्हायचं, असा हुकूम आलाय. वारस अज्ञान असेल तर त्याच्या जमिनीचं पालक बघतो. वारस घरी राहतो.

दोनदा वाचून घेतला हुकूम. वारस घरी राहतो!

२५ जून

पिअर्सला सांगून पाहिलं. बापाचं चिलखत उतरवून घासत बसला होता. आनंदात!

"आता मी एकोणीसचा म्हणून सांगू? अख्खं गाव थुंकेल माझ्यावर. ती बारा माणसं खोटी ठरतील. आणि हॅक्स्टन परत येईल, ते वेगळंच."

"येऊ दे. त्याची बहीण परवडली."

"आई!" हसायला लागला. मला हसू आलं नाही.

२८ जून

त्याला न सांगता गेले. आधी जोनकडे. चल माझ्याबरोबर, म्हटलं, दोन होते एवढं सांग. ती हात जोडून उभी राहिली. "बाईसाहेब, शपथ घेतलीय मी. तुमच्यासाठीच घेतली. आता मोडायला सांगता? मरताना मी देवाला काय तोंड दाखवू?" बरोबर होतं तिचं. मी काय बोलणार!

मग भरतीच्या अधिकाऱ्याकडे. तो चांगला होता. खुर्ची दिली, ऐकून घेतलं.

"बाई, मे महिन्यात बारा जणांनी शपथेवर सांगितलं, तुम्हीही सांगितलंत. आता दोन वर्षं परत मागताय? फ्रान्सला निघालेल्या प्रत्येकाची आई हल्ली हेच करते. कुणाचा दमा, कुणाचं वय. पण मेलेलं मूल आणलेलं मी पहिल्यांदाच बघतोय."

त्याचं थडगं आहे म्हटलं. नाव आहे का त्यावर, विचारलं त्याने.

नाही. दाईकडे गेलेल्या लेकरांच्या थडग्यांवर नावं घालत नाहीत.

२ जुलै

निघाला. आदल्या संध्याकाळी माझ्या खोलीत आला, उगाच पडदे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तो कसा होता गं?"

सांगितलं. एक कान दुमडलेला होता. दिवा नेला की नजर दिव्याबरोबर फिरायची. शिंकायचा फार. जास्त काही नव्हतंच सांगायला.

"त्याची दोन वर्षं घेऊन चाललोय," म्हणाला. "परत आलो की त्याच्या थडग्यावर नाव घालू."

मी त्याच्या कपाळाचा मुका घेतला. बोलायला हवं होतं.

१४ ऑगस्ट

काही कळत नाही. पीक चांगलं आहे.

१९ सप्टेंबर

पिअर्स गेला. लढाईत नाही. छावणीत जुलाब लागले. आमच्यातल्या पाच जणांना लागले, तिघे वाचले. ज्याने सांगितलं तो चांभाराचा मुलगा. उभा राहून रडत होता. त्याला जेवायला घातलं.

२० सप्टेंबर

हेही मूल कुणीतरी दुसऱ्यांनीच पुरलं.

१० ऑक्टोबर

लोक येतात. पाव आणतात, चीज आणतात. हात धरून म्हणतात, "एकुलता एक होता हो!" मी मान हलवते. रोज मान हलवते.

जमीन आता अँथनी भाऊजींची. त्यांना ती नको होती, हे मला दिसतं. महिनाभरात म्हातारे झालेत. त्यांनी झाड आणलं, पिअर्सच्या नावाखाली निपुत्रिक म्हणून खूण केली आणि तिथेच डोकं टेकून रडले. मी म्हटलं, आता तरी पहिलाही घाला.

"वहिनी, ती बारा माणसं तुरुंगात जातील. जोन जाईल. तुम्ही जाल. आता काय उपयोग?"

उपयोग! गुरांचा असतो तो.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

फादर ऑझवल्ड गावातल्या गेलेल्यांची नावं वाचत होते, दर वर्षी वाचतात तशी. राल्फ विंटरशॉ. पिअर्स विंटरशॉ. मग चांभाराची आई. मी उठून उभी राहिले. बाराही जण बाकांवर होते. भाऊजींनी माझी बाही ओढली.

"फादर," मी म्हणाले, "पिअर्सचं नाव परत वाचा. ते दोनदा वाचायचं आहे."