पुस्तकांच्या कपाटावरून

८ जानेवारी १९७३, सोमवार
हेडगुरुजींकडे पुन्हा पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागितली. पुन्हा तेच. "बाई, पोरं फाडतील. तपासणीला मी काय दाखवू?" तीन वर्षं झाली मला इथे, एक पुस्तक बाहेर आलेलं पाहिलं नाही. मधल्या सुट्टीत सातवीतली हौसा काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचत होती. नुसती नावं! डोकं फिरलं माझं.

११ जाने., गुरु.
हे.गु. मीटिंगला पारनेरला. किल्ली त्यांच्या खणात. उघडलं कपाट. विचारलं नाही कुणाला. सातवीच्या सगळ्यांना एकेक पुस्तक दिलं, घरी न्यायला. हौसानं घेतली हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट, चांगली जाडजूड. "बाई, समदं वाचू?" वेडी.

१३, शनि.
हे.गु.ना कळलं. वर्गात येऊन, मुलांसमोर: "याला चोरी म्हणतात, बाई." सोमवारी सगळी पुस्तकं परत हवीत. उत्तर सुचलं ते घरी आल्यावर. नेहमीचंच.

१५, सोम.
सगळी आली, हौसाचं नाही. ती गैरहजर, आईबरोबर दुष्काळी कामावर, खडी फोडायला. दुपारी तिथे गेले, पुस्तक आणायला. बाया फडक्यातल्या भाकऱ्या सोडून जेवायला बसलेल्या, मधोमध हौसा मोठ्यानं वाचतेय. मला बघून थांबली. तिची आई म्हणाली, "बाई, त्या पोरीला भाऊ घावला न्हाई अजून. आज नका नेऊ."
रिकाम्या हातानं परतले. वाटेत राग आला तो स्वतःचाच. हे.गु.ची शिपाई होऊन गेले होते मी!

१७, बुध.
हे.गु.नी कोरा कागद पुढे सरकवला. "हौसानं पुस्तक चोरलं, असं लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही." बारा वर्षांची पोर. कागद तसाच ठेवून उठले. पाचवीचे मास्तर बाहेर कानात सांगतात, "लिहून टाका, तिला काय फरक पडतो?" ह्या माणसाला मी इतके दिवस सज्जन—

१९, शुक्र.
हौसा पुस्तक घेऊन आली. धुळीनं माखलेलं, सुटलेला पुठ्ठा पिठाच्या खळीनं चिकटवलेला. मी ऑफिसात पोचेपर्यंत हे.गु.नी तिच्या दोन्ही हातांवर पट्टी ओढली होती. रडली नाही. म्हणाली, "गुर्जी, बायांनी इचारलंय, दुसरं कवा देताल?" त्यांनी पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं.
मी ओरडले. काय बोलले आठवत नाही. सगळे वर्ग दारात जमले, एवढं आठवतं.

२२, सोम.
हे.गु.नी माझ्या बदलीसाठी वर लिहिलंय म्हणे. लिहू दे. मीही लिहून दिलं: पुस्तकं मी दिली, पुन्हा देईन.
दगड आले नाहीत, म्हणून खडीचं काम आज बंद. दुपारी हौसाची आई आणि आठ-दहा बाया थेट ऑफिसात.
"ही पुस्तकं कुनाची, गुर्जी?"
"सरकारची."
"मग सरकारनं कुनासाठी धाडली?"
"ही शाळा आहे, चावडी नाही. बाहेर व्हा."
बाहेर झाल्या. व्हरांड्यात बसल्या.
शाळा सुटून तास झाला. हे.गु. आत, दार लोटून. बाया उठलेल्या नाहीत. मी वर्गात बसून हे लिहितेय. आत्ता हौसाची आई दारात येऊन म्हणाली, "बाई, तुमी आत काय करताय? या की बसाया."
जाते.